गाडी जिथे उभी असते, तिथेच चार्जिंग हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवरच्या वाहनांविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती बहुतेक वेळा महानगरांपासून सुरू होते आणि महामार्गांवर येऊन थांबते. या दोहोंच्या मधली गावे तिच्यात क्वचितच येतात. राज्य शासनाने २०२५ च्या मे महिन्यात नवे विद्युत वाहन धोरण जारी केले. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचा संकल्प त्यात आहे, आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्ग येथे विद्युत मोटारींना पथकरातून सूट देण्यात आली आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसासाठी हे सगळे उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु जो कोठेही प्रवासाला निघालेला नाही, जो सकाळी मंडईत, दुपारी तहसील कचेरीत आणि संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर आपली स्कूटर घेऊन जातो, त्याने ती चार्ज करायची कोठे, हा प्रश्न वाईसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला रोज पडतो. त्याविषयी काही लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

वाई हे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३६ हजार वस्तीचे गाव. गणपती आळी, मधली आळी, रामडोह, ब्राह्मणशाही, गंगापुरी, धर्मपुरी ही त्याची जुनी वस्ती वाड्यांची आणि अरुंद बोळांची आहे. वाड्यात चार बिऱ्हाडे, चौघांच्या मिळून सहा दुचाकी, आणि त्या सगळ्या दिंडी दरवाजाच्या आत किंवा बाहेर भिंतीला टेकवून उभ्या. ज्यांचा सिद्धनाथवाडीकडे किंवा गावाबाहेर स्वतंत्र बंगला आहे, त्यांना सार्वजनिक चार्जिंगची गरजच भासत नाही; रात्री पोर्चमध्ये पंधरा अँपिअरच्या प्लगला वायर लावली की सकाळी गाडी तयार. अडचण आहे ती माडीवर राहणाऱ्या भाडेकरूची. तो खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतो, वायरवर पावसाचे पाणी पडू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधतो आणि मध्यरात्री उठून प्लगला हात लावून तो तापला आहे का ते पाहतो. हे मी ऐकीव सांगत नाही, दोन पावसाळे मी स्वतः तसेच काढले आहेत. पुष्कळ जुन्या वाड्यांत अर्थिंग नावालाच असते, आणि अर्थिंग ठीक नसले की मोटारीचा चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो. यंत्राचा तो शहाणपणाच म्हणायचा; आपण मात्र त्याला शिव्या घालून दुसरा प्लग शोधतो.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक चार्जिंगविषयी जी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत शहरांसाठी तीन किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात किमान एक केंद्र असावे, असे सूत्र होते. त्या तत्त्वांत नंतर अनेकदा सुधारणा झाल्या, तरी नकाशावर चौकोन आखून त्यांत केंद्रे मोजण्याची दृष्टी मात्र टिकून आहे. वाईचे जवळजवळ सारे जुने गावठाण अशा एकाच चौकोनात मावते. म्हणजे गावात कोठेतरी एक मोठे यंत्र बसवून फीत कापली की कागदोपत्री गावाची गरज भागली. तसे होऊ नये, असे मला वाटते, आणि त्याचे कारण विजेच्या साध्या हिशेबात आहे.

चार्जिंगचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक जलद, ज्याला डीसी म्हणतात. त्यात रोहित्रापासून येणारी वीज त्या कपाटाएवढ्या यंत्रातच बदलून थेट बॅटरीत जाते आणि मोटार पाऊण-एक तासात बरीचशी भरते. दुसरा संथ, म्हणजे एसी. त्यात साधी वीज गाडीपर्यंत येते आणि ती बदलण्याचे काम गाडीतला किंवा गाडीसोबतचा चार्जर करतो. विजेवरच्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटांची असते आणि साध्या प्लगवर ती साडेसातशे वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे चार-साडेचार तासांत रिकामीची पूर्ण भरते. साठ किलोवॅटचे एक जलद यंत्र एका वेळी एक किंवा दोन मोटारींना पुरते. तेवढाच वीजभार साध्या प्लगांवर वाटला, तर ऐंशी स्कूटर एकाच वेळी चार्ज होतात. शिवाय जलद यंत्रासाठी बहुधा स्वतंत्र डीपी लागते, खोदकाम लागते, लाखांचा खर्च होतो. उलट हलक्या वाहनांसाठीच्या स्वस्त एसी पॉइंटचे भारतीय मानक २०२१ मध्येच तयार झाले आहे आणि असा पॉइंट साडेतीन हजार रुपयांच्या आसपास मिळावा, हे उद्दिष्ट त्या वेळी समोर ठेवले होते. ज्या गावात रस्त्यावरची बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत, तेथे पहिला रुपया कशावर खर्च करावा, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये.

केंद्रालाही हे अमान्य नाही. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी दोन हजार कोटी रुपये ठेवले आहेत. त्यांतून चारचाकींसाठी २२,१०० आणि दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० चार्जर उभारण्याचे लक्ष्य आहे. हलक्या वाहनांचा आकडा दुपटीहून मोठा आहे, याची नोंद घ्यावी. तथापि या योजनेचा रोख निवडक शहरे आणि निवडक महामार्ग यांच्यावर आहे, आणि तालुक्याचे गाव त्या निवडीत सहसा बसत नाही.

मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर सुचले ते एका फजितीतून. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून परत येताना मुलाच्या सोसायटीतल्या चार्जरला रांग होती, म्हणून साठ टक्क्यांवरच निघालो. माझी मोटार लहान, बॅटरी २४ युनिटांची. सपाट रस्त्यावर बेताने चालवली तर युनिटाला सात किलोमीटर जाते, पण महामार्गाच्या वेगाला तेवढी जात नाही. खंबाटकी चढण्याआधी बॅटरीत १४ टक्के उरले. मोबाइलवरच्या अॅपमध्ये जवळच्या एका हॉटेलातले यंत्र हिरव्या रंगात, म्हणजे चालू, दिसत होते. तेथे गेल्यावर रखवालदाराने सांगितले की ते गणपतीपासून बंद आहे. दुसऱ्या ठिकाणी यंत्र चालू होते, पण त्याच्यासमोर एक पेट्रोलची मोटार उभी करून तिचे मालक जेवायला बसले होते. त्यांचे जेवण झाले, त्यांनी गाडी काढली, आणि मग माझ्या लक्षात आले की या यंत्राला वेगळे अॅप लागते, त्या अॅपच्या पाकिटात आधी पैसे भरावे लागतात, आणि त्यासाठीचा ओटीपी काही केल्या मोबाइलवर येत नव्हता. शेवटी महामार्ग सोडून आतल्या एका गावात शिरलो. तेथे पिठाच्या गिरणीचा दिवा दिसला. गिरणीवाल्यांनी गाडीसोबतची वायर पाहिली, आपला पंधरा अँपिअरचा प्लग दाखवला आणि चहा मागवला. दोन तासांत साडेपाच युनिटे मिळाली व आम्ही घरी पोहोचलो. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "पुढच्या वेळी येताना दळण घेऊन या," एवढेच म्हणाले.

महामार्गावरच्या दोन यंत्रांनी जे केले नाही ते एका गिरणीने केले, म्हणून मी यंत्रांना नावे ठेवत नाही. लांबच्या प्रवासाला ती हवीतच. पण गिरणीत मला जे दिसले ते असे, की चार्जिंगला लागणारी बहुतेक सामग्री लहान गावात आधीच आहे. गिरणी, गाड्या धुण्याचे केंद्र, मंगल कार्यालय, लॉज, वेल्डिंगचे दुकान, यांपैकी पुष्कळांकडे थ्री फेज जोडणी असते, चांगले अर्थिंग असते, गाडी लावायला थोडी जागा असते आणि दिवसभर हजर असणारा माणूस असतो. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. बिघडलेले यंत्र महिना महिना तसेच राहते ते त्याच्याजवळ कोणी नसते म्हणून. गिरणीचा पट्टा तुटला तर दुसऱ्या दिवशी बसवला जातो, कारण मालकाचे पोट त्यावर असते.

यात कायद्याची आडकाठी नाही. वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला. त्यामुळे सार्वजनिक चार्जिंग केंद्र काढायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. महाराष्ट्रात अशा केंद्रांसाठी विजेची स्वतंत्र दरवर्गवारी आहे. २०२४ मध्ये सुधारलेल्या वीजग्राहक हक्क नियमांप्रमाणे वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, आणि नवी जोडणी नगरपालिका क्षेत्रात सात दिवसांत व ग्रामीण भागात पंधरा दिवसांत देण्याची मुदत त्याच नियमांत आहे. वेगळी जोडणी घेणे महत्त्वाचे आहे, कारण गिरणीची जोडणी औद्योगिक दराची असते. तिच्यावर गाड्या चार्ज करून पैसे घेतले, तर वापर बदलल्याचा ठपका येऊ शकतो. हे नियम मला माहीत झाले ते गरजेपोटी शोधल्यामुळे. गावातल्या दुकानदाराला ते कोणी सांगितलेले नाहीत, आणि सांगितल्यावाचून तो या भानगडीत पडणार नाही.

दिवसाच्या वेळेचाही येथे विचार व्हावा. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत चार्जिंग केंद्रांना मिळणारी वीज स्वस्त आणि एरवी महाग असावी, असे अपेक्षित आहे, कारण दुपारी सौर प्रकल्पांची वीज मुबलक असते. माडीवरच्या भाडेकरूला रात्री प्लग मिळत नाही, पण दुपारी त्याची स्कूटर कोठे ना कोठे चार-पाच तास स्वस्थ उभीच असते: महाविद्यालयाच्या आवारात, कचेरीच्या भिंतीशी, मंडईजवळ किंवा एसटी स्थानकाच्या पार्किंगमध्ये, जेथे ती लावून मालक सातारच्या गाडीने नोकरीला गेलेला असतो. वीज स्वस्त असण्याची वेळ आणि गाडी उभी असण्याची वेळ एकच आहे. शिवाय गिरणीलाही दुपारी काम नसते. दळणे येतात ती सकाळी आणि दिवे लागणीला.

मग असे साधे पॉइंट कोठे बसवावेत? केरळ राज्य वीज मंडळाने कोळिकोडपासून प्रारंभ करून थेट विजेच्या खांबांवर दुचाकी-तीनचाकींसाठी पॉइंट बसवले आणि त्यांची राज्यातील संख्या हजाराच्या पुढे गेली. वाईच्या आळ्यांत मात्र खांबाला गाडी जोडली, तर मागून येणारा टेम्पो अडेल. तेव्हा आळ्यांच्या आत हा प्रयोग नको, तो गावाच्या कडेच्या रुंद रस्त्यांवर व्हावा. घाटावरचा वाहनतळ पाहताक्षणी सोयीचा वाटतो, परंतु धोम धरणातून विसर्ग वाढला की कृष्णेचे पाणी महागणपतीच्या पायऱ्यांशी येते, हे वाईकरांना सांगायला नको. तेथे काही बसवायचेच झाले तर ते पूररेषेच्या वर असावे. रिक्षा थांब्याचा विचार सर्वांत आधी व्हावा, असे मी म्हणेन. विजेवरच्या रिक्षेची बॅटरी आठ-दहा युनिटांची असते, रिक्षावाल्याचे दोन भाड्यांमधले थांबणे थांब्यावरच होते, आणि इंधनात वाचणारा प्रत्येक रुपया त्याच्या घरी जातो. एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही आपली पहिली विद्युत बस सोडली. विद्युत बससाठी ज्या आगारांत उच्चदाब जोडणी आणली जाते, तेथे आवाराबाहेरच्या भिंतीवर जनतेसाठी दहा प्लग काढणे अवघड नाही, मात्र त्याची आखणी जोडणी घेतानाच झाली पाहिजे.

पर्यटकांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण आमच्या गावाविषयीची प्रत्येक चर्चा शेवटी महाबळेश्वरला निघालेल्या पाहुण्यांपाशीच जाते. त्यांच्यासाठी सुरूर फाटा ते वाई या पट्ट्यात दोन-तीन जलद यंत्रे चांगली चालती असली तरी काम भागेल. वाई ते पाचगणी अंतर बारा किलोमीटर, पण चढ साडेपाचशे मीटरहून अधिक. दीड टनाची मोटार एवढ्या उंचीवर नुसती उचलायलाच सव्वादोन युनिटांच्या वर वीज लागते. रस्ता कापण्याचा खर्च निराळा. सपाटीच्या हिशेबाने निघालेल्या पाहुण्याला पसरणीच्या घाटात घाम फुटतो तो यामुळे. उतरताना मात्र गाडी त्यातली बरीचशी वीज परत मिळवते, म्हणून वर मुक्कामाच्या हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. ही दोन वाक्ये घाटाच्या दोन्ही टोकांना फलकावर लिहिली, तरी पुष्कळ काम होईल.

एक अन्याय मात्र गावपातळीवर दूर होण्यासारखा नाही. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर विजेवर जीएसटी लागत नाही. सार्वजनिक केंद्रात चार्जिंग ही सेवा ठरते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. विद्युत वाहनावर ५ टक्के, चार्जर या वस्तूवर ५ टक्के, आणि चार्जिंगवर १८ टक्के, अशी ही रचना आहे. परवान्यातून मोकळीक देणारी 'सेवा' ही व्याख्याच येथे ग्राहकाच्या अंगावर येते. याचा परिणाम असा, की ज्याच्याकडे बंगला आणि पोर्च आहे तो कराविना चार्ज करतो, आणि ज्याच्याकडे स्वतःची भिंतसुद्धा नाही त्या भाडेकरूने कर भरायचा. हा दर खाली आणण्याची मागणी महाराष्ट्राने जीएसटी परिषदेत लावून धरावी.

राहिले ते व्यवस्थापन. प्रत्येक कंपनीचे वेगळे अॅप आणि वेगळे पाकीट ही पद्धत शहरात कशीबशी खपते. गावात भाजीवालीच्या गाडीवर असतो तसा क्यूआर कोड यंत्रावर असला पाहिजे. यंत्र बंद असेल तर अॅपमध्ये ते बंद दिसलेच पाहिजे, आणि सार्वजनिक पैशातून उभारलेले यंत्र महिन्यात किती दिवस चालू होते त्यावर देखभालीचे पैसे ठरावेत. चार्जिंगच्या जागी दुसरी गाडी लावणाऱ्याला दंड करण्याची तरतूद असावी, हे म्हणणे सोपे आहे; आमच्याकडे बाजाराच्या दिवशी पार्किंगचा दंड कोण आणि कोणाला करतो, हे पाहता त्यावर मी फारसा भर देत नाही.

महामार्गाच्या आतल्या गावातल्या त्या गिरणीची हकिगत मी आमच्या आळीतल्या गिरणीवाल्यांना सांगितली. ते दोन दिवस विचार करून माझ्याकडे आले. वेगळा मीटर आणि चार प्लग बसवायची त्यांची तयारी आहे, समोरच्या पडवीत चार स्कूटर दाटीवाटीने राहतात. त्यांचे दोनच प्रश्न होते: अर्ज नेमका कोणता भरायचा, आणि येथे गाडी चार्ज होते असा फलक चौकात नगरपरिषद लावून देईल का. पहिल्याचे उत्तर मी महावितरणच्या कार्यालयातून आणून दिले आहे. दुसरा प्रश्न आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपुढे ठेवतो.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)